चार लॅच आणि मागचा डावा कोपरा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्याकडे पंचवीसेक वर्षांचा घडीचा ट्रेलर आहे. विंच (हँडलनं केबल गुंडाळणारं चक्र) फिरवली की छत वर जातं आणि दोन्ही बाजूंना कापडी तंबू उघडतो, तो प्रकार. छत खाली धरून ठेवायला चार कोपऱ्यांवर चार लॅच आहेत. गेल्या प्रवासात मागच्या गाडीतून येणाऱ्या आमच्या मुलीचा फोन आला, “बाबा, ट्रेलरचं छत श्वास घेतंय.” थांबून पाहिलं तर चारही लॅच लावलेले होते, पण मागचे दोन हाताला खुळखुळत होते. डाव्याचा आकडा तर बोटाच्या धक्क्यानं सुटला. त्याच्या रिव्हेटची भोकं लांबट झाली आहेत. चारही नवे आणून बसवावेत की जुने दुरुस्त होतील? नवे बसवले तरी पुन्हा तेच होणार नाही ना? आणि तोवर दोरी बांधून ट्रेलर नेला तर चालेल का?

उत्तर : आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. छत वाऱ्यावर वरखाली व्हायला लागलं की मागून अगदी तसंच दिसतं, आणि पुढे गाडी चालवणाऱ्याला मात्र त्याचा पत्ता नसतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं देते, कारण ते घाईचं आहे. दुरुस्तीच्या जागेपर्यंत पट्टा आवळून सावकाश न्यायचा असेल तर न्या, प्रवासाला मुळीच काढू नका. हिशेब करून बघा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ३८ किलो भरतो. छत तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद धरलं तर सहा चौरस मीटर झालं. त्या दाबाचा तिसरा हिस्सा जरी छत वर उचलण्यात गेला तरी पाऊणशे किलो होतात. वेग निम्मा केला की हाच आकडा पावपट होतो, म्हणून ‘सावकाश’ म्हणते आहे. छताचं स्वतःचं वजन आपल्या बाजूनं असतं हे खरं, पण ट्रेलर खड्ड्यात आदळून उसळतो त्या क्षणी ते कुणाच्याच बाजूनं नसतं.

आता तुमचा मधला प्रश्न. नवे बसवले तरी तेच होणार का? तिघांत हाच प्रश्न लाखमोलाचा आहे, आणि तो मला सुचायला दोन लॅच वाया जावे लागले.

आमचा ट्रेलर घेतला तेव्हा तोही जुनाच होता आणि चारही लॅच खिळखिळे होते. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये पोरांना कानस धरायला शिकवलेली बाई मी. ऐटीत चारही बदलून टाकले. एक हंगाम गेला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या कोऱ्या आकड्यावर चकचकीत खाच दिसली. बाकीचे तीन जसेच्या तसे. माल हलका लागला म्हणून मी चरफडले आणि तिथं दुसरा बसवला. तोही त्याच वाटेनं निघाला. तेव्हा आमचे हे स्वयंपाकघरातून म्हणाले, “अगं, तिघं धडधाकट आणि एकटाच सारखा आजारी पडत असेल, तर त्याला तू काम काय लावतेस ते बघ ना.”

मग बघितलं. एकही लॅच न लावता छत पूर्ण उतरवलं. छत आणि खालची पेटी यांच्यामधल्या फटीत प्रत्येक कोपऱ्यात ड्रिल बिटांचे मागचे गुळगुळीत दांडे घालत गेले. तीन कोपऱ्यांत ६ मिलिमीटरचा बिट जेमतेम शिरत होता. मागच्या डाव्या कोपऱ्यात १२ चा गेला आणि वर जागा उरली. म्हणजे तो कोपरा आपणहून खाली येतच नव्हता. लॅच लावताना दर वेळी मी तिथलं छत आकड्यानं ओढून खाली आणत होते. छत उचलणाऱ्या सरकत्या खांबात धूळ आणि वाळलेलं ग्रीस यांचा डांबरासारखा थर बसला होता. खांब पुसून काढला, त्या कोपऱ्याची केबल थोडी ढिली केली, आणि फट ७ वर आली. त्यानंतर बसवलेला लॅच आजही तिथंच आहे.

छत खाली आणायचं काम त्याच्या वजनाचं. आल्यावर त्याला धरून ठेवायचं काम लॅचचं. ही कामं एकमेकांत मिसळली की लॅच झिजतो. दोन बोटांनी लागला पाहिजे. तळहातानं रेटावा लागत असेल तर छत कुठेतरी अडलंय, एवढं ओळखा. अडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. गाद्यांवर आणखी दोन पांघरुणं कोंबलेली असतात, तंबूच्या कापडाची दुमड छताच्या कडेखालच्या रबरात चिमटलेली असते, नाहीतर छत टेकल्यासारखं वाटलं की आपण विंच थांबवतो आणि केबल ताणलेलीच राहते. तुमच्या ट्रेलरवर पहिलं काम म्हणून ही चार कोपऱ्यांची मापं घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. लॅच विकत घ्यायला त्यानंतर निघा.

लॅच खिळखिळे होण्याचं दुसरं कारण सांगायला मला लाज वाटते, तरी सांगते. एका सकाळी बोलण्याच्या नादात तीनच लॅच सोडले आणि विंच फिरवायला लागले. हँडल जड लागलं. जड लागतंय म्हणून थांबावं, की नाही? मी दोन्ही हात लावले! हँडलची लांबी आणि दातचक्रं मिळून हाताचा दहा किलोचा जोर केबलवर दोनशेच्या पुढे जाऊ शकतो. ‘टक्’ झालं, आणि लॅचखालचा पत्रा तोंड वासून बसला.

तुमची भोकं कशानं लांबट झाली ते त्यांच्या कडेवरून कळेल. एका झटक्यात फाटलेल्या भोकाची कड वर उचललेली आणि हाताला बोचणारी असते. हळूहळू झिजलेल्या भोकाची कड गुळगुळीत असते आणि रिव्हेटभोवती काळपट भुकटीचं वर्तुळ दिसतं. ॲल्युमिनियम सतत घासलं गेलं की ही भुकटी निघते. विमानं दुरुस्त करणारे अशा रिव्हेटला ‘धूर सोडणारा रिव्हेट’ म्हणतात आणि तो दिसला की हातातलं दुसरं काम बाजूला ठेवतात. तुमच्या मागच्या दोन लॅचखाली बोट फिरवा. बोट काळं झालं तर हे दुखणं जुनं आहे आणि उजव्यालाही आहे.

या जातीच्या लॅचला आम्ही टॉगल म्हणतो. जाड काचेच्या बरणीच्या झाकणाला तारेची क्लिप असते ना, तेच यंत्र. लिव्हर खाली दाबत गेलं की आकड्याची पिन आधी ताण वाढवते, मग लिव्हरच्या खिळीच्या रेषेपलीकडे जाते आणि तिथं स्थिरावते. ही पलीकडे जाण्याची चाल फार थोडी असते, लहान लॅचमध्ये दीड-दोन मिलिमीटर. ती आहे तोवर छतानं कितीही वर खेचलं तरी लिव्हर आणखी घट्टच होतं. पिनेचं भोक अर्ध्या मिलिमीटरनं झिजलं, आकडा तेवढाच झिजला आणि रिव्हेटही तेवढाच हलायला लागला, की तिन्ही मिळून ती सगळी चाल खाऊन टाकतात. मग बोटाच्या धक्क्यानं आकडा सुटतो. तुमचा सुटला तो असा.

म्हणून कुठे किती खेळ आहे ते वेगवेगळं बघा. लॅच लावलेला असताना एका हाताचं बोट अर्धं लॅचवर आणि अर्धं पत्र्यावर टेकवा, दुसऱ्या हातानं लॅच हलवा. बोटाखाली लॅच आणि पत्रा एकमेकांवर सरकत असतील तर रिव्हेट गेला. पत्रा लॅचसकट हलत असेल तर मागचं लाकूड गेलं. दोन्ही गप्प असून लिव्हरच डुगडुगत असेल तर पिन किंवा आकडा.

लाकडाचं सांगते, कारण सगळे इथंच फसतात. बऱ्याच जुन्या ट्रेलरांत पत्र्यामागे लाकडाची पट्टी असते. एखाद्या जुन्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि पट्टी आतून कुजते, वरून पत्रा मात्र नव्यासारखा चमकत असतो. एक स्क्रू काढा आणि भोकात टोच्या दाबा. चांगलं लाकूड टोच्याला अडवतं. कुजलेल्यात तो भिजलेल्या बिस्किटात जावा तसा जातो. अशा ठिकाणी काड्या आणि गोंद भरून स्क्रू पुन्हा पिळायची युक्ती करू नका. कपाटाच्या दाराला ती ठीक आहे, वाऱ्याशी झुंजणाऱ्या छताला नाही. कुजकं सगळं खरवडून काढा, आणि वाळू द्या. वाळू द्या म्हणजे दिवसच्या दिवस, दुपारभर नव्हे, कारण ओल्या लाकडाला इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) धरत नाही. खड्डा लहान असेल तर घट्ट केलेलं इपॉक्सी भरून, ते कडक झाल्यावर नव्यानं भोक पाडा. मोठा असेल तर लाकडाचा तेवढा तुकडाच बदला. आतून हात पोचत असेल तर आणखी चांगलं. मागे २ ते ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी लावा, आरपार बोल्ट घाला आणि नायलॉनच्या कड्याचे नट आवळा. मी स्वतः जिथं जिथं हात पोचला तिथं हेच केलं आहे.

रिव्हेट काढताना हमखास होणारी चूक म्हणजे डोक्यावर सरळ ड्रिल चालवणं. मधली पोलादी खिळी टणक असते, तिच्यावरून बिट घसरतो आणि पत्र्याला ओरखडा काढतो. आधी बारीक पंच ठेवून ती खिळी आत ठोका. मग रिव्हेटच्याच मापाच्या बिटानं फक्त डोकं उडवा. ४.८ मिलिमीटरचा असेल तर ५ चा बिट पुरे. रिव्हेट बिटाबरोबर गरगर फिरायला लागला तर डोकं पकडीनं धरा. फिरू दिलात तर भोक आणखी मोठं होईल. लांबट झालेल्या भोकात पुन्हा त्याच मापाचा रिव्हेट मारू नका. एक माप वर जा, ६.४ चा घ्या, नाहीतर मघाशी सांगितलेली पट्टी आणि बोल्ट. नवं भोक पाडायची वेळ आली तर भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर कड फाटते.

एका वेळी एकच लॅच उतरवायचा आणि बाकीचे तीन लावलेले ठेवायचे. चारही काढलेत तर छत दोन-चार मिलिमीटर कुठेतरी सरकतं आणि मग मापं जुळवता जुळवता संध्याकाळ होते. जुन्या लॅचभोवती कागदी चिकटपट्टी लावून त्यावर पेन्सिलीनं कड आखून घ्या. छत वर करून काम करायचं असेल तर चारही कोपऱ्यांना लाकडी टेकू द्या. नुसत्या केबलच्या भरवशावर छताखाली डोकं घालू नका. केबलही लॅचच्याच वयाची आहे.

लॅचमागे जुनं सिलिकॉन थापलेलं निघेल. चाकूनं खरवडा, स्पिरिटनं पुसा, आणि तिथं ब्युटाइलची टेप (पाणी अडवणारी चिकट, मऊ रबरी पट्टी) लावा. सिलिकॉनचा थोडा जरी अंश राहिला तरी त्यावर पुढे काहीच धरत नाही. स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियमला नुसते टेकू देऊ नका. ओलावा मिळाला की दोन धातूंमध्ये बॅटरी सुरू होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं झडायला लागतं. बोल्टभोवतीही ब्युटाइल लावा आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घाला.

आणि जुने लॅच दुरुस्त होतील का? आधी चुंबक लावा. चुंबक चिकटला तर आकडा पोलादाचा आहे. खाच उथळ असेल तर बारीक कानशीनं गोलाई सारखी करा, खोल असेल तर पितळ भरून घेऊन पुन्हा आकार द्या, आणि झिजलेल्या पिनेच्या जागी भोक थोडं मोठं करून जाड पिन घाला. चुंबक चिकटला नाही, वस्तू आकाराच्या मानानं जड लागली आणि मोडलेल्या ठिकाणी राखाडी दाणे दिसले, तर तो जस्ताचा ओतीव लॅच आहे. त्याला डाग देणारा कारागीर मिळाला तरी टिकणार नाही. सरळ बदला. तुमचे मागचे दोन तर बदलाच, पुढच्यांचं मोजमाप करून ठरवा.

शेवटी परीक्षा. कागदाची बोटभर रुंद पट्टी रबरावर ठेवून लॅच लावा आणि पट्टी ओढा. थोडी अडून सरकत यायला हवी. फाटली तर ताण जास्त झाला, हवेसारखी आली तर कमी. आकड्याला आटे असतील तर अर्धा-अर्धा फेरा देत जुळवा. रबर तिसऱ्या हिश्शाइतकं दबलं की पुरे. पंचवीस वर्षांचं रबर मुळातच चपटं झालेलं असेल तर लॅच आवळून त्याचं तारुण्य परत येणार नाही, तेही बदलावं लागेल.

त्या ‘टक्’नंतर मी विंचशेजारी एका पाटीवर चार खिळे मारले. प्रवासात प्रत्येक लॅचच्या भोकात एक आर-पिन (इंग्रजी R च्या आकाराची तारेची पिन) असते. छत वर करायच्या आधी लॅच सोडला की त्याची पिन आणून खिळ्यावर अडकवायची. एकही खिळा रिकामा असेल तर हँडलला हात लावायचा नाही. आमचे हे या पाटीला ‘हजेरीपट’ म्हणतात.

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रेलरच्या मापाचे लॅच आता मिळत नाहीत. दुसरे बसवता येतील का?

उत्तर : येतील. भोकं जुळणार नाहीत हे गृहीत धरा आणि भोकांकडे बघतही बसू नका. लॅचच्या टेकण्यापासून आकडा अडकतो तिथपर्यंतचं अंतर, आणि उघडा आकडा व ताणलेला आकडा यांतला फरक, ही दोन मापं जुळली पाहिजेत. ती जुळली की ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी कापा, ती जुन्या भोकांवर बसवा आणि नवा लॅच त्या पट्टीवर. जुन्या भोकाला खेटून नवं भोक पाडलंत तर दोन्ही मिळून एक होतील. पट्टीमुळे लॅच ३ मिलिमीटर बाहेर येतो, म्हणून आकडा जिच्यात अडकतो त्या वरच्या आकडीखालीही तेवढीच पट्टी हवी, नाहीतर आकडा तिरका बसेल आणि एकाच कडेनं झिजेल. छत एबीएस प्लास्टिकचं असेल तर भोक बोल्टपेक्षा थोडं सैल ठेवा, मागे रुंद वॉशर लावा आणि हात राखून आवळा. प्लास्टिकला उन्हात पसरायला जागा मिळाली नाही की भोकापासून चीर निघते.

प्रश्न : लॅचला कोणतं तेल घालावं?

उत्तर : तेल नकोच. रस्त्याची धूळ तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरचं काम करते. पिनेला ग्रॅफाइटची पूड किंवा वाळणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) फवारा द्या. रबराला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात. खनिज तेलानं ईपीडीएम जातीचं (दारं-खिडक्यांच्या पट्ट्यांचं) रबर फुगतं आणि मऊ पडतं, मग लोक म्हणतात लॅच घट्ट झाला.

प्रश्न : सकाळी सहज लागणारा लॅच दुपारी उन्हात लागतच नाही. लॅच वाकडा झाला असेल का?

उत्तर : तुमचं छत लांब झालंय. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला ०.०२३ मिलिमीटर पसरतं. तीन मीटरचं छत सावलीतल्या पेटीपेक्षा २० अंशांनी तापलं तर जवळजवळ दीड मिलिमीटर वाढतं, आणि आकडा आकडीसमोर येत नाही. हातोडी घेऊ नका. ट्रेलर सावलीत ओढा, अर्धा तास थांबा. मापं घेणं आणि आटे जुळवणं ऊन चढायच्या आधी उरका. दुपारी जुळवलेला लॅच दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सरकलेला निघेल.